पाणी कमी, पेशन्स जास्त!

मनी प्लांट आणि लकी बांबूच्या पलीकडे जाऊन काहीतरी हटके वाढवायचंय? मग आपल्या सह्याद्रीतली शिंदळ माकुडी एकदा भेटायलाच हवी. महाराष्ट्राबाहेर रानात कुठेही न उगवणाऱ्या या झाडानं चिंचवडच्या एका बाल्कनीत तीन वर्षं चांगलाच घाम फोडला. त्याची ही गोष्ट... आणि कुंडी बदलण्याची साग्रसंगीत रेसिपीसुद्धा!

रविवार, सकाळचे साडेसात. आमच्या चिंचवडगावातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी जुने पेपर पसरून बसलेय. समोर अर्धा किलो श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात चार राखाडी काड्या. पान नाही, फूल नाही, काही नाही. कामाला येणाऱ्या मावशी झाडू हातात धरून दारात थबकल्या.

‘‘ताई, हे मेलेलं झाड टाकून देऊ का?’’

‘‘मावशी, ते झोपलंय.’’

मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला चांगलीच ओळखीची आहे. ‘फ्रीलान्सिंग करते म्हणजे नक्की काय करते?’ असं विचारणारे नातेवाईक याच नजरेनं बघतात! पण मावशींचं काही चुकत नव्हतं. पहिल्या वर्षी मीही ते झाड कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं होतं.

काकांची भेट

ही काडी माझ्याकडे आली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. काकांची सगळी नोकरी इथल्याच एका कंपनीच्या टूलरूममध्ये झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी बाल्कनीत कुंड्या मांडल्या. पण गुलाब-मोगरा नाही हं... सगळी काटेरी आणि जाडजूड मंडळी! तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे घ्यायला गेले (इस्त्रीवाला आमचे कपडे त्यांच्याकडेच ठेवतो), तेव्हा एका पसरट कुंडीतून खाली लोंबणाऱ्या फांदीवर एक चांदणी दिसली. गडद लालसर, मखमली, मधे पिवळे ठिपके आणि कडेला बारीक केसांची झालर. जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याएवढी.

‘‘काका, हे काय?’’

‘‘शिंदळ माकुडी.’’ काका जरा संकोचूनच म्हणाले. नावच तसं आहे ना! पुढे मी फोनवर आईला ते नाव सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘झाडच आहे ना नक्की?’’

काकांच्या एका मित्राने आयुष्यभर कॉलेजात बॉटनी शिकवली. त्यांनी कॉलेजच्या बागेतल्या झाडाचा तुकडा काकांना दिला होता. काकांनी त्यातलाच बोटभर तुकडा मोडून, पेपरात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. सोबत हा श्रीखंडाचा डबा आणि एक वाक्य, ‘‘विसरभोळ्या माणसाचं झाड आहे गं. तुझ्याकडे छान होईल.’’

कॉम्प्लिमेंट होती की टोमणा, ते अजून कळलेलं नाही.

गव्हर्नरांच्या नावाचं रोप

घरी येऊन आधी माहिती खणली (पत्रकाराची खोड, दुसरं काय!). आणि मग चाटच पडले. निकोल डाल्झेल नावाचे एक स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात होते. १८६१ मध्ये आलेल्या ‘द बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथाचे एक लेखक तेच. त्यांना हे झाड जुन्नरजवळच्या डोंगरात मिळालं आणि १८६५ मध्ये त्यांनी जगाला त्याची ओळख करून दिली. नाव दिलं ‘फ्रेरिया इंडिका’. फ्रेरिया का? तर तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याला बाउसेरोसिया या गटात हलवून त्याचं नाव ‘बाउसेरोसिया फ्रेरी’ केलंय. म्हणजे गव्हर्नरसाहेब पहिल्या नावातून दुसऱ्या नावात सरकले, पण सुटले नाहीत!

हे झाड रुईच्या कुळातलं. हो, मारुतीला वाहतो तीच रुई. कुंडीत मिरवणारं अडेनियम आणि आपल्या सड्यांवरची कंदीलपुष्पं हेही याच कुळातले. पण शिंदळ माकुडीची खरी गंमत वेगळी आहे. तिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक झाडांना पानं म्हणजे नुसती नावाला. सगळा कारभार हिरव्या खोडावर चालतो. हिला मात्र चक्क मोठी, मांसल पानं येतात. पावसाळा आला की पानं धरायची, पाणी संपलं की सगळी टाकून द्यायची आणि खोडात साठवलेल्या ओलीवर पुढचे महिने काढायचे. महिनाअखेरचं बजेट कसं सांभाळावं, ते हिच्याकडून शिकावं!

रानात ती राहते कुठे, तर शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी, तीही उभ्या काळ्या कड्यांच्या कपारीत. १९८०च्या दशकात आययूसीएन या जागतिक संस्थेनं जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींची यादी केली, त्यात हिचं नाव होतं. आणि ती चिंचवडमध्ये श्रीखंडाच्या डब्यात! मला आधी भारी वाटलं, मग एकदम टेन्शनच आलं.

लाडानं वाट लावली

डिसेंबरात एकेक पान पिवळं पडून गळायला लागलं. फेब्रुवारीत नुसती काडी उरली. मी डबा उचलून कचऱ्यात टाकायला निघाले, तर जिन्यात काका भेटले. त्यांनी नखानं काडीची साल अगदी किंचित खरवडली. आत हिरवंगार! ‘‘बंद नाही पडलेली, शटडाउनला आहे,’’ काका म्हणाले. मी डबा घेऊन परत वर आले.

मे महिन्यात खरंच पोपटी पानं फुटली. आणि इथेच माझी अक्कल फुटली. एवढ्या थोर झाडाला श्रीखंडाचा डबा? छे! नर्सरीतून मोठी प्लॅस्टिकची कुंडी आणली. कोकोपीट, गांडूळखत, थोडी लाल माती, सगळं ठासून भरलं. जून उजाडला. पाऊस सुरू झाला तरी मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. डेडलाइन चुकली की मला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलं की मी झाडांना पाणी घालते. त्या महिन्यात तीन डेडलाइन चुकल्या होत्या!

जुलैत एका सकाळी फांदीला हात लावला, तर ती उकडलेल्या भेंडीसारखी पचकन दबली. बुंधा काळा आणि मऊ, मुळांना कुबट वास. माझी रूममेट चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. ती नुकतीच थर्ड शिफ्ट करून आली होती. तिनं कुंडी बघितली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘रिजेक्ट.’’

काकांनी मात्र ब्लेड आणायला सांगितलं. स्पिरिटनं पुसून वरून कापत कापत खाली येऊ नका, खालून वर जा, असं त्यांचं सांगणं. आत तपकिरी गोल दिसतोय तोवर चकत्या काढत राहायचं. स्वच्छ हिरवा काप आला की थांबायचं. थांबलो तेव्हा हातात चार इंचांचा शेंडा उरला होता. तो पाच दिवस सावलीत पेपरवर नुसता ठेवून दिला, कापलेल्या टोकावर खपली धरेपर्यंत. मग पुन्हा त्याच श्रीखंडाच्या डब्यात. काकांनी ना ओरडा दिला, ना लेक्चर. एवढंच म्हणाले, ‘‘पाणी म्हणजे मशिनचं ऑइलिंग नाही गं, रोज करायला.’’

कड्यावरची ती

त्याच ऑगस्टमध्ये आमचा ग्रुप जुन्नरला ट्रेकला गेला. चिंचवडहून निघालात, की नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव... चाकणच्या ट्रॅफिकनं दया केली तर अडीच तासांत जुन्नर. आणि तिथल्या एका कड्यावर, हात पुरणार नाही अशा उंचीवर, कॅमेरा झूम केल्यावर ती मला दिसली. कपारीतून लोंबणारी, पानांनी भरलेली आणि फुलांच्या चांदण्यांनी सजलेली. कुंडी नाही, खत नाही. मूठभर मातीही नसेल. कुठला कडा, ते मात्र लिहिणार नाही. कारण पुढे जे घडलं ते.

आमच्यातला एकजण दगडावर पाय देऊन वर चढायला लागला. ‘‘एक फांदी तर घेतोय यार! तुझ्याकडे मेलीच आहे ना?’’ खरं सांगते, एक सेकंद मीही गप्प बसले. घरी चार इंचांचा शेंडा जगेल की नाही याची खात्री नव्हती आणि इथे ढीगभर फांद्या लटकत होत्या. मग मनात आलं, वर्षाकाठी इथं येणारा प्रत्येक ग्रुप ‘एकच फांदी’ म्हणाला तर? मी त्याला खाली यायला सांगितलं. तो आला, पण परतीच्या वाटेवर बोलला नाही. नारायणगावला मिसळ खाल्ल्यावर बोलायला लागला!

बरं, तोडायची गरजही नाही. ही रानात जितकी दुर्मीळ, तितकीच कुंडीत फांदीपासून सहज लागणारी. युरोप-अमेरिकेतल्या सक्युलंटवेड्यांकडे ती कित्येक वर्षांपासून आहे. आपल्याकडेही पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या संस्थांनी तिला बागेत जपलंय. रानातलं झाड रानात, आणि घरात फक्त कुंडीतल्या झाडाचं पिल्लू. हिशेब साधा आहे.

...आणि एकच उरली

माझा शेंडा जगला. पुढच्या वर्षभरात चार फांद्याही झाल्या. पण गेल्या ऑक्टोबरात काका-काकू मुलीकडे बंगळूरला गेले, तिच्या बाळंतपणासाठी. चार महिने. मी नेमकी त्या दिवसांत कामासाठी बाहेरगावी, म्हणून कुंड्यांची जबाबदारी शेजारच्या एका आजींनी घेतली. आजींनी ती मनापासून निभावली. म्हणजे रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी! झाड झोपेच्या तयारीत आणि वरून रोज तांब्या. काका फेब्रुवारीत परत आले तेव्हा कुंडीत काळा लगदा होता.

त्या संध्याकाळी काका वर आले. आजींना काहीच बोलले नाहीत म्हणे, उलट बंगळूरचा म्हैसूरपाक देऊन आले. माझ्या बाल्कनीत उभं राहून त्यांनी विचारलं, ‘‘तुझी आहे ना गं?’’ त्यांना ती देणारा बॉटनीवाला मित्र आता या जगात नाही, हे मला तेव्हा कळलं.

माझी होती. पण तिची तब्येत बरी नव्हती. सोसायटीत टँकरचं पाणी. त्याच्या क्षारांचा पांढरा थर मातीवर बसलेला. माती इतकी घट्ट, की पाणी वरच तरंगायचं. डब्याच्या भोकांतून मुळं बाहेर डोकावत होती. कुंडी बदलायलाच हवी होती. पण आधी एकदा मी तिला ‘चांगल्या घरात’ हलवून जवळजवळ मारलं होतं. आता हात लावायची हिंमत होईना.

‘‘लगेच फांदी तोडून देऊ?’’ मी विचारलं. काका म्हणाले, ‘‘नको. आजारी माणसाचं रक्त घेत नाहीत. आधी तिला उभी करू.’’

ऑपरेशन कुंडी

तर मार्चमधल्या त्या रविवारी मी पेपर पसरून बसले होते, ते या कामासाठी. ऊन वाढू लागलेलं, झाड अजून निष्पर्ण पण जागं व्हायच्या बेतात. कुंडी बदलायला हीच वेळ बेस्ट. पावसाळ्यात केलं तर जखमा सुकत नाहीत, आणि कडक थंडीत मुळं हलत नाहीत.

आधीचे दहा दिवस पाणी पूर्ण बंद ठेवलं होतं. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते. ओली माती मुळं तोडून घेऊन येते. डबा ओढायचा नाही, आडवा करून चहूबाजूंनी दाबायचा. आमचा सुटेना, म्हणून काकांनी कात्रीनं सरळ डबाच कापला. (श्रीखंडाच्या डब्याला श्रद्धांजली!) मग जुनी माती आइस्क्रीमच्या काडीनं हळूहळू झाडली. पांढरी-पिवळसर, चिवट मुळं म्हणजे निरोगी. काळी, पोकळ, दोरा ओढल्यासारखी निघून येणारी म्हणजे मेलेली, ती कापली. मुळांत एका जागी कापसासारखे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण! कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढला. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि झाड दोन दिवस सावलीत उघडंच ठेवलं. उघड्या मुळांचं झाड दोन दिवस बघत बसणं सोपं नाही. मी रात्री उठून तीनदा बघून आले.

आता माती. खरी गोम इथेच आहे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते, म्हणून ती बाद. कोकोपीट आमच्या पावसाळ्यात स्पंज होतं, म्हणून तेही बाद. काकांनी मला शेजारच्या बांधकामावर पाठवलं. पिंपरी-चिंचवडमध्ये बिल्डिंग साइट शोधायला लागत नाही! तिथल्या वॉचमनदादांना विचारून अर्धी पिशवी बारीक खडी आणि चार फुटक्या विटा आणल्या.

‘‘ही खडी म्हणजे काय माहितीये?’’ काका म्हणाले. ‘‘शिवनेरीचा कडा.’’ म्हणजे तसं शब्दशः नाही; पण दगड तोच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला काळा बसाल्ट. आपले किल्ले त्याच दगडाचे आणि आपल्या टॉवरच्या काँक्रीटमधली खडीही त्याच दगडाची. मी महागड्या आयात मातीच्या पिशव्या शोधत होते आणि झाडाचं माहेर गेटबाहेर ढिगानं पडलं होतं!

प्रमाण असं : दोन भाग बारीक खडी (आधी धुऊन, धूळ काढून), एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग लाल माती आणि अर्धा भाग कुजलेला पालापाचोळा चाळून. कुंडी मातीची, पसरट, आधीच्यापेक्षा फक्त दोन बोटं मोठी. हिची मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे खोल कुंडी म्हणजे तळाशी नुसती ओल. भोकावर खापराचा तुकडा, वर मिश्रण, मग झाड. आधी जितकं मातीत होतं तितकंच; बुंधा गाडायचा नाही. वरून पुन्हा खडीचा थर, म्हणजे बुंधा कोरडा राहतो.

‘‘आणि आता पाणी?’’ मी झारी उचलली.

काकांनी झारी काढून घेतली आणि आठ दिवस स्वतःच्या घरी ठेवली. अगदी खरं!

चांदणी उगवली

आठ दिवसांनी पहिलं पाणी. एप्रिलअखेर पहिला हिरवा ठिपका. मेमध्ये पानं. पावसाळ्यात कुंडी छताखाली आतल्या बाजूला, सकाळचं ऊन मिळेल पण पावसाची झड लागणार नाही अशा जागी. पाणी बोट खुपसून बघून, माती खालपर्यंत कोरडी असेल तरच. डेडलाइन चुकली की आता मी भांडी घासते.

जूनमध्ये दोन फांद्या कापल्या, सुकवल्या, लावल्या. एक काकांना दिली, मातीच्या कुंडीत, खडीत. दुसरी रूममेटनं मागितली. ‘‘रिजेक्ट म्हणाली होतीस ना?’’ ‘‘रिवर्क झालं ना मग!’’ आता ती चाकणला तिच्या ऑफिसच्या खिडकीत आहे, इन्स्पेक्शन रिपोर्टांच्या फायलींशेजारी. तिनं वर चिठ्ठी चिकटवलीये : ‘कृपया पाणी घालू नये.’

आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी दार उघडलं, तर फांदीच्या कुशीत ती चांदणी. एक माशी तिच्यावर बसून निवांत हिंडत होती. हिचं परागीभवन माशाच करतात. मधमाश्यांचं इथे काम नाही. पहिल्यांदाच मी घरातली माशी हाकलली नाही!

काकांना हाक मारली. ते आले, चष्मा पुसला, बराच वेळ वाकून बघितलं. म्हणाले, ‘‘मित्राकडे पहिल्यांदा बघितली होती, अगदी अशीच.’’ मग जरा थांबून, ‘‘चांगलं झाड एकाच घरात ठेवायचं नसतं गं. आज तुझ्यामुळे मला परत मिळालं.’’

तेवढ्यात मावशी आल्या. फुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘ताई, हे तेच का मेलेलं?’’

‘‘तेच.’’

‘‘मग मला पण द्या की एक काडी.’’

दिली. श्रीखंडाचा नवा डबा आहेच!

घरी ट्राय करताय? मग हे लक्षात ठेवा

• रानातून, किल्ल्यावरून काहीही उपटायचं नाही. कुंडीत वाढवलेल्या झाडाची फांदी घ्या, किंवा ‘कुठून आलं?’ याचं सरळ उत्तर देणाऱ्याकडूनच विकत घ्या.

• शिंदळ माकुडी मिळाली नाही तर हिरमुसू नका. अडेनियम किंवा आफ्रिकेतून आलेला, चांदणीसारख्याच फुलांचा स्टॅपेलिया यांनाही निचऱ्याची माती आणि पाण्याची हीच शिस्त लागते.

• फांदी कापल्यावर लगेच लावू नका. चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या.

• कुंडी दर दोन वर्षांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बदला. नवी कुंडी आधीच्यापेक्षा दोन बोटंच मोठी.

• कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही आणि पंधरा दिवस कडक ऊन नाही.

• हिवाळ्यात पानं गळली तर घाबरू नका. साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड झोपलंय. महिन्यातून एकदा अगदी थोडं पाणी पुरे.

• टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. मातीवर पांढरा थर दिसला की वरची इंचभर माती बदला.

• बाहेरगावी जाताय? शेजाऱ्यांना किल्ली जरूर द्या... झारी देऊ नका!